अर्धी व्याख्या

डॉक्टर म्हणाले, ‘‘टर्मिनल आहे,’’ आणि सरांच्या बायकोचा जीव भांड्यात पडला.

‘‘म्हणजे आता वाढणार नाही ना?’’ तिनं विचारलं. डॉक्टरांचा फोन वाजत होता. फोन उचलता उचलता ते नुसतं ‘‘हं’’ म्हणाले.

गाठ सरांच्या पोटात होती. सर शेजारच्या खुर्चीत होते.

जन्मभर बाहेरच्या खोलीत शिकवण्या, आणि मध्ये एक पडदा. पोरं दरवर्षी नवी, धडा तोच. वस्तू उंचावरून सोडली की तिचा वेग वाढतो. वेग वाढला की हवाही जास्त जोरानं अडवते. शेवटी खाली ओढणारं वजन आणि वर रेटणारी हवा यांचा जोर सारखा होतो, आणि तिथून पुढे वेग वाढत नाही. तो टर्मिनल वेग. पडद्याआड बायकोला हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालेलं. हा शब्द तिला दुसरीकडे कुठे भेटलाच नव्हता.

पोरं सरांना मागे ‘घर्षण’ म्हणायची. कुणाचंही चुकीचं वाक्य ते अडवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. वजनाला कुणी वस्तुमान म्हटलं की संपलाच तो.

बायकोचं ‘वाढणार नाही’ हे वाक्य त्यांनी अडवलं नाही.

टॅक्सीतही नाही.

जिन्यात

नाही.

घरात शिरल्या शिरल्या तिनं नणंदेला फोन लावला. ‘‘वन्सं, सुटलो बाई! वाढायचं थांबलंय. तुमचे बंधुराज? बसलेत तोंड पाडून. आनंद झाला तरी यांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखाच!’’

मग परदेशातल्या मुलाला. ‘‘अरे, आता धावत येऊ नकोस. ते तिकीट रद्द कर. सुट्टीत ये निवांत. बाबा कुठे पळून चाललेत का?’’

सुट्टीत.

सांगावं, तर हिचा आत्ताचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. न सांगावं, तर मुलगा दिसणार नाही. दोन्हीकडून रेटा सारखाच. सर मध्ये.

‘‘अगं, फोन ठेवू नकोस.’’

‘‘का हो?’’

‘‘टर्मिनल वेग म्हणजे काय, सांग.’’

‘‘आता या वयात माझी तोंडी परीक्षा? वेग वाढायचा थांबतो.’’

‘‘आणि वस्तू?’’

‘‘वस्तूचं काय?’’

‘‘ती थांबते?’’

‘‘ती कशी थांबेल? काहीतरीच तुमचं. ती पडतच असते की, एकाच वेगानं, खाली, जमीन ये—’’

फोनमधून मुलगा विचारत होता, ‘‘आई? रद्द करू ना मग?’’

ती सरांकडे बघत होती. सरांनी मान खाली घातली. तेवढं तिला पुरलं.

‘‘नको,’’ ती फोनमध्ये म्हणाली. ‘‘याच्या आधीचं मिळतंय का बघ.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘बघ म्हटलं ना.’’

तिनं फोन ठेवला. मग विचारलं, ‘‘उंची किती उरलीय?’’

एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचे गुण कापणारा तो माणूस म्हणाला, ‘‘थोडी.’’

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

‘‘पुढचं वाक्य जरा मोठ्यानं शिकवायचं होतंत,’’ ती म्हणाली. ‘‘आत माझा नळ चालू असायचा.’’