रचना रामटेकेचा दुसरा खेळ

नववीत असताना रचना रामटेके वर्गाच्या दारातून वाकून आत यायची. डोकं चौकटीला लागत नव्हतं, पण वाकायची सवय झाली होती. पोरं तिला ‘टावर’ म्हणायची. फोटोत ती नेहमी मागच्या ओळीत, तीही गुडघे जरा दुमडून.

आमगावजवळच्या त्या शाळेत त्या वर्षी कैलाश बिसेन नावाचे नवे क्रीडाशिक्षक आले. कधीकाळी ते विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रचनाला मैदानात थांबवलं.

“पाठ सरळ कर. अजून. उंची काही लपवायची चीज आहे का बेटा?”

तिच्या हातात चेंडू देऊन त्यांनी रिंग दाखवली. पहिले अकरा चेंडू हुकले, बारावा पडला. ती हसली, आणि अंधार पडेपर्यंत मैदानावरून हलली नाही.

शाळेमागं सिमेंटचं एक कोर्ट होतं. दिवाळीनंतर लोक तिथं धान वाळत घालायचे, तेवढे दिवस सराव बंद. बाकी वर्षभर बिसेन सर आणि रचना रोज तिथं. घरी मात्र कुरकुर सुरू झाली. शेजारच्या सुशिलाबाई अंगणात येऊन म्हणाल्या, “केवळराम, एवढी मोठी पोरगी चड्डी घालून खेळून राहिली. लोकं काय म्हनतीन?”

रचनाचे वडील केवळराम आमगावच्या राइस मिलमध्ये हमाल होते. नुकतेच घरी येऊन पाय धूत होते. ते म्हणाले, “बाबासाहेबाईनं शिका म्हनलं. त्यात खेळनं येत नाही, असं कोठी लिवलं आहे? दाखवा, मी उद्याच बंद करतो.”

सुशिलाबाई तशाच आपल्या घराकडं वळल्या. पुढं रचनाचं नाव पेपरात आलं तेव्हा ते कात्रण गावभर दाखवत फिरणाऱ्याही त्याच.

रचना वेगानं वर चढली. सतराव्या वर्षी राज्याच्या संघात, आणि विसाव्या वर्षी खेळाडूंसाठीच्या जागेवर बिलासपूरला रेल्वेत नोकरी. बास्केटबॉलवर जगायचं म्हणणाऱ्या मुलीला आपल्याकडं तोच एक भरवशाचा रस्ता होता. सकाळी ऑफिस, दुपारनंतर सराव. तिचा खेळ सरळ होता. चेंडू घ्यायचा, सगळ्यांच्या वर उडी मारायची आणि रिंगमध्ये टाकायचा. एका सामन्यात तिनं एकटीनं एकेचाळीस गुण केले. चोविसाव्या वर्षी भारतीय संघाच्या यादीत तिचं नाव आलं.

संघ परदेशी निघायला पंधरा दिवस उरले असताना ते झालं. रेल्वेकडून एका साध्या सामन्यात तिनं उंच उडी मारून चेंडू पकडला, आणि खाली येताना तिचा पाय दुसरीच्या पायावर पडला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरानं खेळता येईल, पण उडी पहिल्यासारखी येईल असं सांगू शकत नाही. भारतीय संघात तिच्या जागी रुचिका साहू गेली. रायपूरची वीस वर्षांची मुलगी, रचनाच्याच रेल्वे संघातली.

रचना गावी आली. दिवसभर गुडघ्याचे व्यायाम करायचे आणि मोबाइलवर रुचिकाचे सामने बघायचे, एवढंच काम. कुणी विचारपूस करायला आलं की ती झोपेचं सोंग घ्यायची. जुलैत रोवणी लागली. आई, अल्काबाई, दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत मजुरीनं भात लावायला जायची. एक दिवस तिनं पोरीला हाताला धरून उठवलं.

“चाल माह्यासंगं. घरात पडून पडून सडून राहिलीस.”

“माय, चिखलात पाय टाकू नको म्हणाला डॉक्टर.”

“मंग धुऱ्यावर बस. तेथून परे फेक.”

परे म्हणजे भाताची रोपं. त्यांच्या पेंड्या बांधून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवलेल्या असतात आणि लावणाऱ्या बायांकडं फेकाव्या लागतात. रचनानं पहिली पेंडी फेकली ती लावणाऱ्यांतल्या नंदाबाईंच्या पाठीमागं पडली आणि चिखल त्यांच्या लुगड्यावर उडाला.

नंदाबाई कंबरेवर हात देऊन उभ्या झाल्या. “अव पोरी, मी परे लावू का मांगं वळून पाहू? तूच पाह्य ना आमच्याकडं!”

बाया हसल्या. रचनाचे कान तापले. पण त्यानंतर ती खरंच त्यांच्याकडं बघू लागली. नंदाबाईंचा हात भराभर चालतो, त्यांची पेंडी लवकर संपते. धुरपताबाई डावखुऱ्या, त्यांना उजवीकडं टाकलेली उपयोगाची नाही. आई दर दोन ओळींनी क्षणभर थांबते. तीन दिवसांत असं झालं की बांधीत एकही बाई मान वर करून हाक मारीना. पेंडी संपायच्या आधी दुसरी हाताशी येऊन पडलेली असायची.

चौथ्या दिवशी फेकता फेकता रचना थांबली. दोन वर्षं ती रुचिकाबरोबर एका कोर्टवर खेळली होती, आणि रुचिकाला चेंडू कोणत्या हातात लागतो हे तिला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तिनं फक्त रिंग पाहिली होती. त्या रात्री तिनं रुचिकाचे सगळे सामने पुन्हा पाहिले. या वेळी तिच्यात जळफळाट नव्हता. वहीत ती लिहीत गेली: डावा हात. दोन पावलं टाकून अचानक आत शिरते. थकली की उजवीकडं झुकते.

वर्षानंतर ती बिलासपूरला परतली आणि प्रशिक्षकांना म्हणाली, “सर, मला रिंगपासून लांब उभं करा. चेंडू माझ्याकडं येऊ द्या. पुढं कुणाला द्यायचा ते मी बघते.”

“तू? पास देणार?” प्रशिक्षकांना हसू आलं. चार वर्षांत त्यांनी तिला जेमतेम कुणाला चेंडू देताना पाहिलं होतं.

पहिले सहा महिने वाईट गेले. तिचे पास चुकायचे, प्रेक्षक ओरडायचे, “अरे, मार ना खुद!” अर्धा वेळ ती बाकावर असायची. तरी सराव संपल्यावर ती एकेका मुलीला थांबवून विचारायची, तुला चेंडू कुठं हवा? छातीशी की खांद्यावर? थांबून की पळता पळता? मुलींना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये रुचिका तिच्यापाशी येऊन उभी राहिली. “दीदी, एक बात पूछूँ? टीम में आपकी जगह मैंने ली. फिर मुझे ही क्यों सिखाती हो?”

रचना बुटाची लेस सोडत होती. “जगह किसी के नाम की नहीं होती. और तेरा बायाँ हाथ इतना अच्छा है, उसे खाली रखूँ तो गुनहगार मैं.”

दुसऱ्या हंगामात तिचा नवा खेळ बसला. ती न बघता चेंडू सोडायची आणि तिथं कुणीतरी पोचलेलं असायचं. तिचे स्वतःचे गुण पाच-सहा, पण रेल्वेचा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी भारतीय संघाच्या यादीत दोन नावं एकाखाली एक आली: रुचिका साहू, रचना रामटेके.

परदेशातल्या त्या स्पर्धेत अंतिम सामना संपायला नऊ सेकंद उरले होते आणि गुण बरोबरीत होते. रचना चेंडू घेऊन आत शिरली, तशा समोरच्या दोन्ही उंच मुली तिच्यावर धावल्या. तिनं उडी मारली. गुडघा दुखावल्यापासूनची तिची सगळ्यात उंच उडी. ती रिंगमध्ये टाकणार असंच सगळ्यांना वाटलं. तिनं हवेतूनच चेंडू डोक्यावरून मागं सोडला. डावीकडून येणाऱ्या रुचिकाच्या डाव्या हातात तो बसला आणि तिथून थेट रिंगमधून खाली आला. भारत दोन गुणांनी जिंकला. सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस रुचिकाला मिळालं, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती रचना.

त्यानंतर ती आणखी चार वर्षं खेळली, त्यातली दोन कर्णधार म्हणून. गुडघा प्रत्येक हिवाळ्यात त्रास द्यायचा. शेवटी तिनं ठरवलं, नागपूरला होणारी राष्ट्रीय स्पर्धा ही आपली शेवटची.

आईबाबांनी तिला आजवर फोनच्या पडद्यावरच खेळताना पाहिलं होतं. सामने कायम लांब, आणि कामाचे दिवस सोडवत नव्हते. या वेळी बिसेन सरांनी त्यांना गाडीत बसवून नागपूरला आणलं. अल्काबाई आपल्या ठेवणीतल्या साडीत, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत पोरगी किती लहान दिसते, असं त्या दोनदा म्हणाल्या.

सामना संपायला दोन मिनिटं होती. रेल्वेचा संघ पुढं होता. प्रशिक्षकांनी बदली खेळाडू उभी केली आणि रचनाकडं बघून मान हलवली. तिनं हातातला चेंडू पंचांना दिला आणि बाहेरच्या रेषेकडं चालू लागली. आधी बाकावरच्या मुली उठल्या. मग विरुद्ध संघाच्या मुली जागेवर थांबून टाळ्या वाजवू लागल्या. मग एकेक रांग करत अख्खा हॉल उभा राहिला.

अल्काबाई गोंधळल्या. त्यांनी सरांच्या बाहीला हात लावला.

“मास्तर, सगळे काऊन उभे झाले? सरला का खेळ?”

“नाही सरला अजून,” बिसेन सर म्हणाले. त्यांनी कोर्टकडं बोट केलं. “रचनासाठी उभे झाले, अल्काबाई. तुमच्या पोरीसाठी.”

केवळराम आधीच उभे होते. हमालीनं वाकलेली पाठ जमेल तेवढी ताणून ते कोर्टकडं बघत होते. अल्काबाईंनी पदर सावरला, समोरच्या खुर्चीला धरलं आणि त्याही उभ्या राहिल्या.