चाळीस किलोचा स्क्रू

शिल्पाने चित्र स्क्रूवर चढवले आणि चौकटीच्या वरच्या कडेवर मोबाइल आडवा ठेवून पाहिला. उजवी बाजू अर्धा अंश खाली होती. तिने ती बोटाने उचलली.

"परत टांगलंस?"

दारात सासू उभी होती. तुळजाबाईंनी चित्र याआधी दोनदा काढून कपाटामागे ठेवले होते, दोन्ही वेळा हॉलमधल्या दिवाणावरच्या भिंतीवरून. म्हणून आज शिल्पाने ते आपल्या खोलीत, मुलीच्या, तनुजाच्या, कॉटवरच्या भिंतीला लावले होते.

लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्राची ती मोठी प्रत होती. पडकी कमान, तीन तुटके खांब, मागे जांभळे होत गेलेले आकाश. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून आल्यावर शिल्पाला पाच मिनिटे त्याच्यासमोर बसायचे असे.

"ही माझी खोली आहे, आत्याबाई."

"जपानच्या माणसानं दुसऱ्याचं पडकं घर काढलं, अन् तू ते पैसे देऊन आणलंस. लई शिकलीस."

"घर नाही ते. हजार वर्षांपूर्वीचं देऊळ आहे."

"काढ म्हणते ना."

"नाही काढणार. तुमचं औशाकडचं गाव नाही हे." शिल्पाचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. "भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली. दरवेळी पडकी भिंत दिसली की आम्ही डोळे मिटायचे का?"

तुळजाबाई आत आल्या. चित्राकडे त्यांनी पाहिलेच नाही. कॉटची कड धरून त्या ती ओढू लागल्या. कॉट वीतभर सरकली.

"कंबर दुखेल. सोडा. चौकट साडेतीन किलोची आहे, स्क्रू चाळीस किलो धरतो."

"फळी बी धरायची."

"कुठली फळी?"

"पितळेच्या चार घागरी. भरलेल्या." त्यांनी कॉट सोडली नाही. "भिंत हुबीच होती आमची. समद्यांची पडली, आमची न्हाई. फळी आली खाली. सिंधूच्या उशाला होती."

नवऱ्याची, आदिनाथची, थोरली बहीण सिंधू भूकंपात गेली, एवढेच शिल्पाला माहीत होते. ती भिंतीखाली गेली, असे शिल्पा स्वतःच धरून चालली होती.

तिने हॉलकडे पाहिले. घड्याळ दारावर होते. कॅलेंडर स्वयंपाकघरात. एकाही अंथरुणाच्या वर, भिंतीवर, या घरात काही टांगलेले नव्हते. गव्हाचे डबे जमिनीवर, मिक्सर खालच्या ओट्यावर. त्यावरून दोघींचे वर्षभर भांडण चालले होते. आठ वर्षे शिल्पा त्याला गबाळेपणा म्हणत आली होती.

तिने चित्र उतरवले आणि समोरच्या भिंतीला टेकवून ठेवले.

"तिथं लाव की. तिथं कोण निजतंय?" तुळजाबाई दाराशी थांबल्या. आवाज मुळीच मऊ झाला नव्हता. "हॉलातबी लावलंस तर नेमकं दिवाणावर. लेकरू शाळेतनं आलं की तिथंच आडवं हुतंय, दिसत न्हाई तुला?"

शिल्पाने सरकलेली कॉट परत जागेवर लोटली.

"अन् तो स्क्रू काढ. मोकळा ठिवलास तर काहीतरी टांगशील."

शिल्पाने ड्रॉवरमधून पेचकस घेतला आणि कॉटवर चढली. स्क्रू पक्का बसला होता. चाळीस किलो त्याने सहज धरले असते. तो बाहेर यायला एकोणीस फेरे लागले.