शेंडेफळाचा वाटा

डेल्फिनबाईंच्या घरात नाताळचा केक कापला की पहिला तुकडा शेंडेफळाला, ही सासूपासूनची रीत. धाकटी रोवेना लग्न होऊन कॅनडाला गेली आणि ती जागा बाळूनं पटकावली. बाळू म्हणजे कुत्रा, बरं का! पण तसं त्यांच्यासमोर म्हणून दाखवा, अंगावर येतील. लेकराला लोकरीचं टोपडं, लेकराला मऊ भात, लेकराला दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरची. नवरा फेबियन मात्र मधुमेही. त्यांच्या पुढ्यात गोडाचा कण म्हणून यायचा नाही.

यंदाही चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आल्यावर बाईंनी मनुकांनी गच्च भरलेला केक कापला, बाळूच्या ताटलीत जाडजूड तुकडा वाढून मागच्या ओटीवर ठेवला आणि त्या पाहुण्यांकडे वळल्या. थोड्या वेळानं बघतात तर ताटली लख्ख! मिशांना चुरा लागलेल्या बाळूचा फोटो त्यांनी कौतुकानं लेकीला धाडला.

लगेच फोन आला. "मम्मी, त्यात मनुका होत्या? अगं, कुत्र्याला विष असतं ते! किडन्या जातात! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने!"

आपल्या हातानं भरवलं की हो! शेजारी फेबियन पांढरेफटक पडले होते. "डेल्फिन, ऐक, तो केक..."

"आता एक शब्द बोलू नका! गाडी काढा!"

एव्हरशाईन वसाहतीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सणाचा दिवस असूनही दवाखाना उघडायचं कबूल केलं. समोरून राजोडीच्या किनाऱ्याला निघालेल्या गाड्यांची रांग, हलता हलेना. बाळू मांडीवर शालीत गुंडाळलेला. त्यानं जांभई दिली तरी बाईंना वाटायचं, संपलं. "नमो मारिये" ही प्रार्थना म्हणताना जीभ अडखळत होती. फेबियननं दोनदा तोंड उघडलं, दोनदा बाईंनी त्यांना गप्प केलं.

"किती खाल्ला?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी तळवा पुढे केला. "एवढा."

"एवढा? मग कठीण आहे. उलटी करवू, पण सलाईन लावून दोन-तीन दिवस इथंच ठेवावं लागेल."

बाईंनी हंबरडाच फोडला. तेव्हा फेबियन मोठ्यानं म्हणाले, "त्यानं नाही, मी खाल्ला! खाली सांडलेला चुरा तेवढा त्यानं चाटला."

डॉक्टरांनी तरी धोका नको म्हणून उलटीचं इंजेक्शन दिलंच. भात पडला, मटण पडलं आणि एकुलती एक मनुका पडली. "वाचला," डॉक्टर म्हणाले.

बाई कडाडल्या, "लाज नाही वाटली? कुत्र्याच्या ताटलीतलं खाल्लंत? मागायचा होता एक घास!"

"मागितला होता. गेल्या नाताळला, मग ईस्टरला. तू ताटली उचलून बाळूपुढे ठेवलीस."

डेल्फिनबाई कुत्रा म्हणाल्या होत्या, हे त्यांच्याच लक्षात आलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. सदरा घामानं भिजलेला, ओठ सुकलेले, हात थरथरताहेत. एवढी गाडी ह्यांनी चालवली कशी? सकाळी साखर तपासली होती का? आपण विचारलंच नाही.

त्यांनी बाळूला जमिनीवर ठेवलं आणि नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"चला, आधी तुमची साखर बघू. बाळू, तू चालत ये."