जवसाचं पोटीस

"थंडगार आहे हे! काय बांधून राहिली तू?" पाटावर पाय ठेवून गुलाबराव खेकसले, नि वनमालाबाईंचं डोकंच फिरलं.

जवस कुटायचं, हळद घालून चिकट होईस्तोवर शिजवायचं, फडक्यावर पसरायचं नि बांधण्याआधी आपल्या गालाला लावून पाहायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. गालाला सोसलं तरच दुसऱ्याला बांधायचं. गाल तर अजून चुरचुरत होता, आणि हा बाबा म्हणतो थंड!

नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झाली, तिथल्या नव्या मंत्रालयात बदली झाली, म्हणून गुलाबरावांनी करकरीत बूट घेतले. बूट चावले, टाचेला फोड आला, आणि तो काही केल्या पिकेना. डॉक्टर म्हणाले, आधी साखर तपासा. तर स्वारी म्हणते, "मले काय धाड भरली?" साखर निघाली नि फोड चिघळला तर पाय जायचा, ही बाईंना धास्ती. म्हणून तर दिवसभर हे कुटणं नि शिजवणं चाललं होतं, आणि यांची आपली कुरकुर!

"अहो, माह्या गालाले चटका बसला ना!"

"तुझा गाल नाजूक असंन. अजून तापव."

"घ्या मग, तुमच्या मनासारखं!" बाईंनी पातेलं पुन्हा गॅसवर आदळलं. लगदा खदखदला. या खेपेला गालबिल काही नाही, रागारागात फडकं चिमट्यानंच उचललं नि टाचेवर थापलं.

"हं, आता जरा कोमट वाटते," म्हणत गुलाबरावांनी पेपर उघडला.

कोमट? गाठ मारताना बाईंचं बोट लगद्याला लागलं. "आई गं!" बोट तोंडात घालायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी फडकं ओरबाडून काढलं. टाच लालबुंद झाली होती, कातडी सुटून वर आली होती. त्यांनी तांब्यातलं गार पाणी पायावर ओतलं.

"काहून काढलं? राहू दे ना," पेपरामागून आवाज आला.

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी दुसरा, चांगला पाय मांडीवर ओढला नि तळव्यात अंगठ्याचं नख जोरानं रुतवलं.

"सांगा, कुठं दाबून राहिली मी?"

गुलाबरावांनी पेपराचं पान उलटलं.

"आधी दाब तर खरी. मग सांगतो."