तानाबाईच्या घशातले केस

धाडच्या बाजाराला निघालेली माणसं बैलगाड्या रस्त्यातच सोडून जानरावांच्या अंगणात जमली होती. त्यांच्या सुनेच्या, तानाबाईच्या, तोंडात, भूतबाधा काढायला बोलावलेल्या कडूबा भगताने दोन बोटं घातली आणि हातभर लांब, काळाभोर केस ओढून काढला. मग दुसरा, मग तिसरा. मी भूजल सर्वेक्षणातला माणूस, जीप थांबवून पाहत होतो. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"कोकिळा हाये हे," भगत म्हणाला. "भावजयीच्या घशात बसून राह्यली. जिभेले डाग द्या, मंगच सोडन."

कोकिळा ही जानरावांची लेक, आषाढात तापाने गेलेली. तिची आई झुंबरबाई ते केस गालाला लावून रडत होती. "माह्या लेकीचेच हायेत. म्याच इचरले रोज."

चुलीत विळा तापत होता. तानाबाई भिंतीला टेकून त्या विळ्याकडे बघत होती.

"एक केस जाळून पाहू?" मी विचारलं.

"जाळसान तं घर जळन," भगत म्हणाला. मोठा हुशार गडी! खऱ्या केसाचा जळका वास वेगळा असतो; वासानेच त्याचं बिंग फुटलं असतं.

"मग नुसता पाहू."

जीपमध्ये खडकांचे पातळ काप पाहायचा सूक्ष्मदर्शक होता. त्यातल्या दोन खास काचा एकमेकींना आडव्या फिरवल्या की सगळं अंधारतं; मध्ये ठेवलेल्या काही वस्तूच तेवढ्या उजळतात. मी कोकिळेची फणी मागितली. ती अजून कुणी साफ केली नव्हती.

फणीतला केस जानरावांना दाखवला. "अंधुक हाये. मधात काळंच."

मग घशातला. ते दचकले. "हे तं पेटलं, साहेब. लाल, हिरवं. अन् तारेसारखं गुळगुळीत."

"हे नायलॉन आहे. अंबाड्यात घालायचं गंगावन बाजारात मिळतं, त्यातलं."

गर्दीतल्या दोघांनी भगताची मूठ उघडली. बोटांच्या बेचक्यात तसल्याच केसांची गुंडाळी होती.

तेव्हा तानाबाई बोलली. "काल हा आलता तवाच म्या सांगतलं, मामाजी, त्याच्या बोटात गोळा हाये म्हून. तुमी म्हणे, कोकिळाच बोलून राह्यली."

जानरावांनी खाली मान घालून चुलीतला विळा बाहेर ओढला.

"मंग माही कोकिळा आलतीच नाही?" झुंबरबाईने मला विचारलं.

"नाही, मावशी."

ते 'नाही' मला आजही झोपू देत नाही. तरी सांगतो: गेलेल्या लेकीची ओढ मी समजू शकतो, पण त्यापायी जिवंत सुनेची जीभ जाळू नका. ती काय म्हणते ते आधी ऐका, आणि तपासून पाहा.