रऊफभाईंचा पाय आणि माझा वेग

मित्रांनो, मागचा फाळका तारेने बांधलेली, दारावरचा पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटलेली एखादी पिकअप तुम्ही रस्त्यात पाहिली असेल आणि 'ही अजून चालते?' असं म्हणून हसलाही असाल. हसा खुशाल. ती मीच. मी जुनी आहे हे मला कोणी सांगायला नको, माझ्यातला एकेक नट रोज तेच सांगत असतो. पण माझ्या वयावर एकदा जो आळ आला तो खोटा होता, आणि तेवढं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही, फक्त कल्लोळ आणि ताज्या रंगाचा वास. खरा जन्म झाला तो महाडला, रऊफभाईंच्या दारात. त्याआधी त्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले होते. मी त्यांची पहिली स्वतःची गाडी. त्यांच्या पत्नी खतीजाभाभींनी माझ्या आरशाला काळा धागा बांधला आणि शेजारणींना बजावून सांगितलं की हिच्याकडे वाईट नजरेने बघायचं नाही. रऊफभाई तर मला चालवताना चप्पल काढून सीटखाली ठेवत. अनवाणी पायाला गाडी कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या तळपायाखालचा माझा पत्रा कालांतराने गुळगुळीत झाला.

आम्ही काय वाहिलं नाही? पाचाडचं भात गिरणीवर नेलं. मार्चात चवदार तळ्यावर माणसं लोटत, तेव्हा पिण्याच्या पाण्याचे कॅन पोचवले. गणपतीला मुंबईहून उतरलेल्या कुटुंबांच्या पेट्या आणि पोरं डोंगरातल्या वाड्यांवर नेऊन सोडली. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला मुरारी पंधरा वर्षं आमच्यासोबत माल चढवायला होता. आंबेनळी घाट भरल्या अंगाने चढून गेले की तो डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा, "हिला सोडू नका, रऊफभाय. ही घरातलं माणूस हाय." असलं कौतुक ऐकलं की मी पुढच्या चढाला आपोआप दोन पावलं जास्त टाकायची.

वय कोणाला सोडतं? मला गंजाने गाठलं, रऊफभाईंना साखरेने. त्यांच्या तळपायाची जाणीव हळूहळू कमी होत गेली. त्यांच्या पायाखालच्या माझ्या पत्र्याला आतून लावलेलं जाड अस्तर गळून पडलं होतं, त्यामुळे उन्हाळ्यात तो पत्रा तव्यासारखा तापायचा. एकदा घरी पाय धुताना खतीजाभाभींना त्यांच्या टाचेवर भाजल्याचा फोड दिसला. रऊफभाईंना त्याचा पत्ताच नव्हता. त्या रात्री भाभी जेवल्या नाहीत.

त्यांचा मुलगा अर्शद कुवेतला असतो. तो सुट्टीवर येताना एक जाडजूड, तांबडं कार्पेट घेऊन आला. भाभींनी त्याचा एक तुकडा कापला, दुहेरी घडी घातली, मध्ये फोम भरला, कडेने लाल दोऱ्याने टाके घातले आणि स्वतः वाकून तो माझ्या पेडलखाली अंथरला. एखाद्या राणीच्या पायाखाली असावा तसा थाट झाला माझा. मला कोणी इतकं नटवलं नव्हतं. मी भारावून गेले, खोटं कशाला बोलू.

तेव्हा पावसाळा होता. पावसात हायवेवर कोण गाडी पळवतं? म्हणून काही महिने काहीच कळलं नाही. दिवाळी झाली, सिमेंटच्या खेपा सुरू झाल्या आणि मग माझी अब्रू जायला लागली. बाजारात, गल्लीबोळात मी नीट चालायची. पण हायवेवर माल भरून निघालं की मला वेग धरवेना. पन्नास झाले की पुढे सरकायचंच नाव नाही. मागून हॉर्न, बाजूने शिव्या. मला माझं दुखणं ठाऊक होतं. पेडल दाबलं की एक केबल ओढली जाते आणि तेवढंच डिझेल मला मिळतं. ती केबल अर्ध्यावर येऊन थांबत होती. मी अर्धपोटी धावत होते, मित्रांनो. पण सांगणार कशी?

जानेवारीत एका दुपारी तर जिवावर बेतलं. बाजूच्या रस्त्यावरून आम्ही हायवेला लागत होतो. लांबून टँकर येताना दिसत होता, पण आपण सहज निघू, असा रऊफभाईंचा रोजचा अंदाज. त्यांनी पेडल दाबलं. मी निघाले, पण रांगतच. टँकरवाल्याने कचकचून ब्रेक मारला, त्याची शेपूट डुलली आणि तो आमच्या आरशाला हात लावावा इतक्या जवळून पुढे गेला. मुरारीने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. पोलादपूरला उतरताना तो एवढंच म्हणाला, "रऊफभाय, वाईच दाबत जा ना." रऊफभाई म्हणाले, "दाबलं होतं रे." मुरारीने मान डोलावली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं.

मग माझी गॅरेजवारी सुरू झाली. सोमा मिस्त्री म्हणजे महाडमधला भरवशाचा माणूस. त्याने डिझेल फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला, क्लच प्लेट उघडून पाहिली. बॉनेट उघडून त्याने ती केबल हाताने ओढली की मी अशी गरजायची की गॅरेजातलं मांजर पळून जायचं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय! शेवटी तो म्हणाला, चला चाचा, हायवेला नेऊन बघू. आणि इथेच सगळा घात झाला. सोमाचे पाय ऑइलने माखलेले. चाचांच्या पोराने कुवेतहून आणलेलं कार्पेट घाण होईल, म्हणून त्याने ते आदराने उचललं, घडी केली आणि मागे ठेवलं. मग तो बसला आणि त्याने मला ऐंशीवर नेलं. मी वाऱ्यासारखी गेले. जाऊ नको तर काय करू? कित्येक महिन्यांनी पोटभर मिळालं होतं.

परत आल्यावर सोमाने हात पुसले, कार्पेट होतं तसं अंथरलं आणि मान खाली घालून म्हणाला, "चाचा, राग मानू नका. गाडीत कायबी नाय. तुमचा पायच कमी पडतो."

रऊफभाईंनी राग मानला नाही. राग मानला असता तर बरं झालं असतं. ते घरी आले आणि बराच वेळ माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पाय बधिर होत जातील. आता मुरारी तेच म्हणतो, मिस्त्री तेच म्हणतो. चाळीस वर्षं चालवणारा माणूस स्वतःच्या पायाला खोटं ठरवून मोकळा झाला. मी जवळ होते, निर्दोष होते आणि मुकी होते. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

टँकरची गोष्ट कुवेतपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? अर्शदचा फोन आला. रऊफभाई माझ्यातच बसले होते, फोन स्पीकरवर होता. "अब्बा, विका ती गाडी आता," तो म्हणाला. "तुम्हाला काय झालं तर मी इथून कसा पोचणार? मला इथं झोप लागत नाय." त्याच्या आवाजात धाक नव्हता, भीती होती. रऊफभाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

पोलादपूरच्या राजेशचं हार्डवेअरचं दुकान आहे. आसपासच्या गावांत माल पोचवायला त्याला गाडी हवी होती. गाडी हायवेवर ओढत नाही, हे रऊफभाईंनी त्याला आधीच सांगितलं. तो म्हणाला, मला कुठे हायवेवर पळायचंय? ठरलं. एप्रिलच्या एका दुपारी रऊफभाई मला शेवटचं चालवत पोलादपूरला निघाले. एकट्याने जायचं नाही, म्हणून खतीजाभाभी शेजारी बसल्या. निघताना त्यांनी पेडलखालचं कार्पेट काढून घेतलं आणि झटकून मांडीवर ठेवलं. पोराने प्रेमाने आणलेली वस्तू परक्याला कशी द्यायची?

हायवेला लागलो. समोर एक लांबलचक ट्रेलर रेंगाळत होता. रऊफभाईंनी सवयीने पाय दाबला आणि तो थेट पत्र्यापर्यंत गेला. मी उसळले! ट्रेलर मागे पडला, त्याच्या पुढचा टेम्पो मागे पडला. भाभींनी दांडा धरला आणि हळू, हळू म्हणू लागल्या. रऊफभाईंनी मला कडेला, एका चिंचेच्या सावलीत घेतलं आणि इंजिन बंद केलं.

त्यांनी वाकून पेडलकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते कार्पेट दे बघू इकडं."

त्यांनी ते खाली अंथरलं आणि या खेपेला पाय न लावता हाताने पेडल दाबलं. पायाला जे इतके महिने कळलं नाही ते हाताला लगेच कळलं. पेडल निम्म्यावर जाऊन फोममध्ये रुतत होतं. कार्पेट काढलं, पेडल तळाला गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा अडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

भाभींचा चेहरा उतरला. "म्हंजे मी केलं हे सगळं?" त्या म्हणाल्या. "लोकांची बोलणी तुम्ही माझ्यापायी ऐकलीत?"

"तू पाय वाचवायला घातलंस गो," रऊफभाई म्हणाले. "खाली मऊ लागायचं, ते मला समजत होतं. पण मला आता सगळीकडंच कापसावर चालल्यासारखं वाटतं. घरात, मशिदीत, रस्त्यावर. मी म्हटलं, हे बी तसंच असंल."

आणि मग ते हसले. किती दिवसांनी हसले! भाभींनी डोळे पुसले आणि सरळ सांगितलं की गाडी फिरवा, विकायची नाही. रऊफभाई म्हणाले, राजेशला शब्द दिलाय, त्याच्यापुढे जाऊन खरं काय ते सांगतो आणि मग परत फिरू. तिथून पोलादपूरपर्यंत त्यांनी मला असं चालवलं की आम्ही दोघंही तरुण झालो. कार्पेट भाभींच्या मांडीवर होतं.

राजेशने माझ्या खिडकीशी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. भला माणूस. तो म्हणाला, "चाचा, मग तुमची गाडी तुम्हीच ठेवा. माझं काय, दुसरी मिळंल." रऊफभाईंनी त्याला दुवा दिली आणि चहाला थांबायचं म्हणून सीटखालून चप्पल बाहेर काढली. ते खाली उतरले तेव्हा भाभींची नजर माझ्या पत्र्यावर गेली. तिथे ओलं काहीतरी चिकटलं होतं.

"पाय दाखवा," त्या म्हणाल्या.

रऊफभाईंनी माझ्या पायरीवर बसून उजवा पाय वर घेतला. तळव्याचं कातडं भाजून सुटलं होतं, पार बोटांपर्यंत. माझ्या तापलेल्या पत्र्यावर अर्धा तास तो पाय होता आणि रऊफभाई आनंदात होते. त्यांना काहीही कळलं नव्हतं. ते त्या पायाकडे बघत राहिले, जसं कोणी ओळखीच्या माणसाकडे बघावं आणि ओळख पटू नये. राजेशने पाणी आणायला माणूस पाठवला. भाभी गप्प होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर रऊफभाईंनी कदाचित हट्ट केला असता.

मग त्यांनी खिशातून माझी चावी काढून राजेशच्या हातावर ठेवली.

"घरातनं निघालो तेव्हा मी ही लोकांच्या बोलण्यावरनं विकत होतो," ते म्हणाले. "आता माझ्या मनानं देतो. हिला पत्र्याखाली अस्तर लावून घे. आणि भरलेली असली तरी घाबरू नको, पूर्ण दाब. ही कुणाला मागं ठेवत नाय."

अर्शदला त्यांनी तिथूनच फोन लावला. गाडी दिली म्हणून सांगितलं. गाडीत खोट नव्हती, पेडलखाली काहीतरी आड येत होतं, ते सापडलं, असंही सांगितलं. "आणि पाय माझा खराच बरा नाय, तेवढं तुझं बरोबर होतं," म्हणाले. कार्पेटचं नाव त्यांनी काढलं नाही. फोन ठेवून ते एकदा माझ्या पुढून फिरून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि भाभींच्या खांद्याचा आधार घेत एसटी स्टँडकडे चालू लागले.

मित्रांनो, मी आता पोलादपूरला असते. राजेशने अस्तर लावलंय, मी बरी आहे. माझी एवढीच विनवणी आहे. गाडी जुनी असो की माणूस, तो मागे पडला की त्याचं वय मोजून मोकळे होऊ नका, आणि त्याची काळजी घेताना त्यालाही दोन शब्द विचारा. माझे फिल्टर बदलले, क्लच उघडला, बॉनेटखाली दिवा घालून बघितलं. पण 'रऊफभाई, पेडल दाबताना तुमच्या पायाला काय लागतं?' असं इतक्या महिन्यांत एकानेही विचारलं नाही. मला बोलता येत नव्हतं. त्यांना तर येत होतं.