गंधकाच्या खाणीचं मत

अल्देमिरो झाउलीच्या पक्षाचे खासदार होते अवघे पाच. रोममधले बडे पक्ष त्याला 'एका बाकड्यावर मावणारा पक्ष' म्हणून हिणवत; पण सरकार याच पाचांच्या टेकूवर उभं, म्हणून हिणवतानाही जरा बेतानं. पाठिंब्याच्या बदल्यात पक्षानं एकच हट्ट धरला होता: डोंगरातली तोट्यातली गंधकाची खाण बंद करा, तोच पैसा खालच्या सपाटीवर कारखान्यांना द्या. कायद्याचा मसुदा झाउलीनंच लिहिला. खाण त्याच्याच गावची, त्यामुळे गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मसुदा छापून आला आणि त्याला खाणीत राबून मेलेला बाप दिसू लागला. भर सभागृहात, शेजारच्या बाकावर, पापण्यांवर पिवळी पूड. बोलायचा नाही, नुसता बघायचा. पाद्र्यांची जन्मभर टिंगल केलेला झाउली पुरता टरकला.

मतदान गुप्त. प्रत्येकाच्या हाती एक पांढरी गोटी, एक काळी. पांढरी पांढऱ्या कलशात, काळी काळ्या कलशात टाकली की होकार. अदलाबदल केली की नकार. झाउली पायऱ्या चढला, तर बाप कलशांपाशीच उभा. झाउलीच्या हातातली काळी गोटी पांढऱ्या कलशावर घुटमळली, तशी बापानं नाही नाही अशी मान हलवली.

"बरं बाबा, नाही तर नाही," झाउली पुटपुटला आणि गोट्या उलट टाकल्या.

कायदा एका मतानं पडला.

"आपल्यातच कुणीतरी घरभेदी आहे," पक्षप्रमुख कसांती बाहेर करवादला. "कोण रे, झाउली?"

"मला काय ठाऊक!"

गावात बँड वाजला. खाण वाचल्याच्या आनंदात तोंड फिरवणाऱ्यांनीच त्याला वाइन पाजली. बाप दिसेनासा झाला. सुटलो, असं वाटून झाउली बहिणीकडे जेवायला गेला. इओलांदाचे डोळे सुजले होते.

"दादा, खाणीत पुन्हा भरती निघाली. माझ्या पोराचं, नेरिओचं नाव लागलंय. सोमवारी उतरतोय खाली."

"मग रडतेस काय? बाबाही उतरलेच की."

"म्हणूनच रडतेय! शेवटच्या घटकेला बाबांनी माझा हात धरला होता. म्हणाले, अल्देमिरोला सांग, ते भोक बुजवून टाक म्हणावं. आपल्या घरातलं आणखी कुणी त्यात जायला नको. तू तेव्हा रोमला होतास."

"मला बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? तू तेच तर करत होतास!" तिनं डोळे पुसले. "कुणा मेल्यानं उलटं मत टाकलं, त्याचं तळपट होवो!"

तिनं त्याच्या ताटात आणखी शेवया वाढल्या, आणि त्यानं त्या मान खाली घालून संपवल्या.